बोअरचं पाणी, म्हशीचं दूध आणि कॉफी

घरी चांगली कॉफी कशी करावी, यावर आज वाचायला आणि पाहायला भरपूर मिळतं. त्यातलं बहुतेक एक ठरावीक स्वयंपाकघर गृहीत धरतं. तिथे नळाला मऊ पाणी असतं, बिया गेल्याच आठवड्यात भाजलेल्या असतात, ओट्यावर दळायचं यंत्र असतं आणि कॉफी बिनदुधाची प्यायची असते. बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात असलेल्या दिंद्रुडचं स्वयंपाकघर असं नाही. इकडे पाणी बोअरचं, नाही तर जारचं. दूध बहुधा म्हशीचं. आणि कॉफी येते ती किराणा दुकानात टांगलेल्या दोन, पाच, दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळेतून. तरीही चांगली कॉफी प्यावी ही इच्छा इथेही आहे आणि ती पुरी होण्यासारखी आहे. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा इथल्या ओट्याशी उभं राहून पाहायला हवा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गावातली कॉफी यंत्र नाही म्हणून बिघडत नाही. ती बिघडते पाण्यामुळे, पावडर शिळी असल्यामुळे आणि पावडर दुधात खळाखळा उकळण्याच्या सवयीमुळे. या तिन्ही गोष्टी सुधारायला हजार रुपयेही लागत नाहीत.

मराठी घराला कॉफी काही आज ठाऊक झालेली नाही. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ मध्ये मुंबईत कॉफी दळून विकायचं छोटं दुकान काढलं. पुढे पॉलसन या नावाने लोण्यासाठी प्रसिद्ध झालेला व्यवसाय तो हाच, आणि त्याची चिकोरी मिसळलेली 'फ्रेंच कॉफी' अनेक घरांत असायची. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. कॉफी पिकवणाऱ्यांचा माल देशातच खपावा हा त्यामागचा हेतू होता. शहरातली ही चव हळूहळू घरात आली आणि घराने तिला आपल्या पद्धतीने वळवलं. दूध, साखर, कॉफी, वरून किसलेलं जायफळ किंवा वेलदोडा. उपासाला चालणारी, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांसमोर ठेवायची, सर्दी झालेल्याला द्यायची, कोजागिरीच्या जागरणाला पुन्हा पुन्हा चुलीवर चढवायची. चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, अशी वाटणी मराठवाड्यात अजूनही बऱ्याच घरांत आहे. अलीकडे लग्नाच्या मांडवात फुसफुसणारं यंत्रही आलं. त्यातून मिळणाऱ्या पेयाला 'एस्प्रेसो' म्हणतात, पण ती असते पुडीतली इन्स्टंट कॉफी, वाफेने फुगवलेलं दूध आणि वर भुरभुरलेली चॉकलेटची पूड. लोकांना ती आवडते, आणि आवडण्याचं कारणही खरं आहे. वाफेने दुधात बारीक फेस धरतो, दूध उकळून आटत नाही, म्हणून ते गोड लागतं. हे कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. घरच्या कॉफीत ते उपयोगी पडतं.

आता पाणी. बिनदुधाच्या कॉफीत ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. दुधाच्या कॉफीतही बीमधला अर्क बाहेर काढण्याचं काम पाणीच करतं. तरी घरच्या कॉफीवरच्या सल्ल्यांत पाण्यावर एखादं वाक्य येतं आणि पुढे चार पानं उपकरणांवर जातात. मराठवाड्यात हा क्रम उलटा करायला हवा.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, काळा कातळ. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. घरातल्या पातेल्याच्या तळाशी, हीटरच्या कॉइलवर धरणारा पांढरा थर याचाच. या तिघांची कॉफीतली कामं वेगळी आहेत. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात काम केलेले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि कॉफीव्यावसायिक मॅक्सवेल कोलोना-डॅशवुड यांनी २०१४ च्या सुमारास यावर बारकाईने काम केलं. त्यांचा मुद्दा असा की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कॉफीतले स्वाद ओढून घ्यायला मदत करतात, म्हणजे थोडं जड पाणी कॉफीला चांगलंच. बायकार्बोनेटचं मात्र उलट आहे. ते कॉफीतली आंबट चव मारून टाकतं. ती आंबट चव थोडी असली तर कॉफीला जिवंतपणा येतो, आणि ती पार गेली की उरतो तो सपाट, खडूसारखा कडवटपणा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट बहुधा गरजेपेक्षा फार जास्त असतं.

जारच्या पाण्याची तऱ्हा याच्या अगदी उलट. गावोगावी आरओचे प्लांट झाले, वीस लिटरचा जार घराघरांत आला. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतं, आणि पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त काढतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, तीस-चाळीसवर आलेल्या पाण्यात कॉफी धारदार आणि पोकळ लागते. आंबटपणा टोचतो आणि अंग भरत नाही. कॉफीसाठी सर्वसाधारणपणे मानलेलं चांगलं पाणी लिटरला १५० मिलिग्रॅम टीडीएसच्या आसपासचं, ७५ ते २५० च्या दरम्यान. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचा टीडीएस इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यासाठी चालणारं पाणी कॉफीसाठी कितीतरी जड असू शकतं.

दोन्ही पाणी घरात असेल तर उपाय सोपा आहे. ती मिसळावीत. समजा बोअरचा टीडीएस ८०० आहे आणि जारचा ४०. सहा भाग जारचं आणि एक भाग बोअरचं घेतलं की मिश्रण १५० च्या जवळ येतं. टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर दोनेकशे रुपयांत मिळतं, आणि प्लांटवाल्याकडे ते बहुधा असतंच. त्याला विचारून एकदा दोन्ही पाणी मोजून घ्यावीत. ज्यांच्याकडे जार येत नाही त्यांनी बोअरचं पाणी मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं उकळावं, निवू द्यावं, आणि तळाचा गाळ न ढवळता वरचं पाणी अलगद काढून घ्यावं. उकळताना बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात खाली बसतं. मॅग्नेशियम पुष्कळसं पाण्यातच राहतं, जे आपल्याला हवंच आहे. मात्र चवीलाच खारट असलेलं पाणी याने सुधारत नाही. मीठ उकळून जात नाही. उन्हाळ्यात टँकर लागतो तेव्हा दर खेपेचं पाणी वेगळं असू शकतं, त्यामुळे कॉफी एकाएकी बेचव झाली तर पावडरीवर संशय घेण्याआधी पाणी तपासावं.

पाण्याच्या उष्णतेबद्दल पुस्तकं ९२ ते ९६ अंश सेल्सिअस सांगतात. आपण समुद्रसपाटीपासून चार-साडेचारशे मीटर उंचीवर आहोत. इथे पाणी शंभरला नव्हे, साधारण साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं. तेव्हा थर्मामीटरची गरज नाही. आधण आलं, गॅस बंद केला, अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की पाणी योग्य जागी येतं.

पाण्यानंतर पावडर. भारतात दरवर्षी साधारण साडेतीन लाख टन कॉफी पिकते. त्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्नाटकात, आणि बराचसा माल परदेशी जातो. महाराष्ट्रात कॉफीचे मळे आहेत ते फक्त मेळघाटात, चिखलदऱ्याला, अकराशे मीटर उंचीवर, आणि तेही थोडेच. म्हणजे आपल्या घरातली कॉफी चिकमगळूर, कोडगू, वायनाड किंवा आंध्रातलं अरकू अशा भागांतूनच येणार. या चारही प्रदेशांच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाकिटावर हे नाव वाचायला मिळालं तर माल कुठला एवढं तरी कळतं.

त्याहून महत्त्वाचं आहे पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर. भारतीय नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण छापणं बंधनकारक आहे. त्यामुळे ५३:४७ असंही पाकीट बाजारात कॉफी म्हणून विकलं जातं, त्यात जवळजवळ अर्धी चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. त्यात कॅफिन नाही. रंग गडद येतो, अंग दाट होतं, कडवट-गोडसर चव येते. चिकोरीला नाक मुरडण्याचं मला काही कारण दिसत नाही. म्हशीच्या घट्ट दुधात पातळ कॉफी बुडून जाते, तिथे १५-२० टक्के चिकोरी कॉफीला उभं राहायला आधार देते. शिवाय जड पाण्यात चिकोरीची चव कमी बिघडते, कारण तिच्यात मारला जाण्यासारखा नाजूक आंबटपणाच नसतो. पण ४७ टक्के म्हणजे आपण कॉफीच्या भावात मूळ विकत घेतो. २०२४ आणि २०२५ मध्ये ब्राझील व व्हिएतनाममधल्या दुष्काळाने जगभर कॉफीचे भाव विक्रमी चढले. अशा काळात पाकिटावरचा आकडा हळूच बदलू शकतो; घेताना दर वेळी वाचावा.

अरेबिका की रोबस्टा, या वादात शहरी लिखाण अरेबिकाच्या बाजूने इतकं झुकलेलं आहे की रोबस्टा म्हणजे हलका माल अशी समजूत झाली. दुधाच्या कॉफीपुरतं बोलायचं तर ती चुकीची आहे. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, आंबटपणा कमी आणि अंग जाड. दूध घातल्यावर तीच टिकते. दक्षिणेतल्या जुन्या दळणदारांची मिश्रणं दोन्ही घेऊन बनतात आणि त्यात शहाणपण आहे. बिनदुधाची प्यायची असेल, पाणी मिसळून मऊ केलेलं असेल, तर मात्र अरेबिका घ्यावी. पाण्याचं काहीच जमत नसेल तर 'मॉन्सून्ड मलबार' नावाची कॉफी शोधावी. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर बिया फुगू देतात, त्यात त्यांचा आंबटपणा उतरतो. बायकार्बोनेटने मारायला तिथे फारसं काही उरलेलंच नसतं. दुकानदार 'प्लांटेशन' म्हणाला तर ती धुऊन साफ केलेली अरेबिका, 'चेरी' म्हणाला तर फळासकट वाळवलेली कॉफी, एवढे दोन शब्द घेणाऱ्याला पुरतात.

वासाचं आयुष्य लहान असतं. भाजलेल्या बिया नीट बंद असल्या तर तीन-चार आठवडे चांगल्या राहतात. दळली की ती मुदत दिवसांवर येते, कारण दळल्यावर हवेला लागणारं अंग कित्येक पटींनी वाढतं. म्हणून पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का ते पाहावं. नुसती 'वापरण्याची अंतिम तारीख' या बाबतीत काहीच सांगत नाही. आणि साठवण. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा गॅसशेजारच्या फळीवर ठेवलेली पावडर लवकर मरते. घट्ट झाकणाचा लहान स्टीलचा डबा घ्यावा, डबा भरलेला राहील एवढाच मोठा, आणि तो घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. हिंग, काळा मसाला, उदबत्त्या यांच्या जवळ अजिबात नको. कॉफी वास ओढून घेते. फ्रिजमध्ये ठेवून रोज काढ-घाल केली की दमट होते. त्यापेक्षा बाहेरच बरी.

बिया आणून घरी दळायच्या का? जमलं तर फरक मोठा पडतो. मिक्सरच्या भांड्यात बिया चिरडल्या जातात, एकसारख्या दळल्या जात नाहीत. काहींचं पीठ होतं, काही तुकडे राहतात. पिठातून कडू जास्त उतरतं, तुकड्यांतून कमीच उतरतं, आणि कपात दोन्ही एकत्र येतात. यावर घरातच उपाय आहे. मिक्सर सलग फिरवू नये. दोन-तीन सेकंद फिरवावा, भांडं हलवावं, पुन्हा फिरवावा. मग रव्याच्या चाळणीने चाळून वर राहिलेले तुकडे परत दळावेत आणि मैद्याच्या चाळणीतून खाली पडणारी धूळ बाजूला काढावी. हाताने फिरवायची छोटी चक्की हजार-दीड हजारापासून मिळते. कुणी मला विचारलं की कॉफीसाठी एकच वस्तू घ्यायची ऐपत आहे, काय घेऊ, तर मी चक्की म्हणेन. पण ताजी दळलेली पावडर शंभर-शंभर ग्रॅमने मागवणं हाही पुरेसा चांगला मार्ग आहे.

आता आपल्या जुन्या पद्धतीकडे. दूध, साखर आणि पावडर एकत्र उकळायची, जायफळ घालायचं, झाकून ठेवायचं, फडक्यातून गाळायची. ही पद्धत टाकून द्यावी असं मी म्हणणार नाही. तिच्यात एक चूक आहे आणि ती काढली तर बाकी सगळं उत्तम आहे. भाजलेल्या कॉफीतला साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात लोकांच्या आवडीचा अभ्यास करून ठरवलं की पावडरीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरला तर चव सगळ्यात चांगली लागते. आधी आंबट आणि सुवासिक घटक उतरतात, मग गोडसर, शेवटी कडू आणि तुरट. खळाखळा उकळलं की सुवास वाफेबरोबर घरभर होतो आणि शेवटचा कडवटपणा कपात येतो. त्यात दूध असलं की आणखी एक होतं. दुधाची चरबी आणि प्रथिनं पावडरीवर थर धरतात आणि स्वाद नीट सुटू देत नाहीत. मग रंग येत नाही म्हणून आपण पावडर वाढवतो, अधिक उकळतो, आणि कडू झाली म्हणून साखर वाढवतो.

यातून सुटायला एक जास्तीचं पातेलं पुरे. दोन माणसांसाठी एक वाटी, म्हणजे दीडशे मिलिलिटर पाणी उकळावं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावं. त्यात दोन मोठे चमचे भरड पावडर, साधारण बारा ग्रॅम, घालून एकदा ढवळावं आणि झाकण ठेवून चार मिनिटं सोडून द्यावं. दुसरीकडे दूध तापवावं, पण उतू जाईपर्यंत नाही. कडेला बुडबुडे धरले की पुरे. कॉफी मलमलीच्या धुवट फडक्यातून गाळावी, दाबून पिळू नये, आणि दुधात मिसळावी. जायफळ गाळल्यानंतर, वरून, चिमटीपेक्षा कमी. आजीच्या कॉफीची ओळख हरवत नाही आणि पावडरही निम्मी लागते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गायीच्या दुधात साडेतीन-चार. म्हशीचं असेल तर साय काढून घ्यावी किंवा थोडं पाणी घालावं, म्हणजे कॉफीचा वास जिभेपर्यंत पोचतो. आणि मांडवातल्या यंत्राचा धडा इथे गिरवावा: तापलेलं दूध दोन भांड्यांत उंचावरून तीन-चारदा ओतलं की फेस धरतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे दक्षिणेतला स्टीलचा फिल्टर. सगळ्या उपकरणांचा विचार करून मी दिंद्रुडच्या घरासाठी हाच निवडेन. वीज लागत नाही, कागद लागत नाही, फुटत नाही, धुवायला तांब्याभर पाणी पुरतं, आणि दोनशे-चारशे रुपयांत मिळून पिढीभर टिकतो. दोन भांडी एकावर एक; वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांड्याची चकती, खाली अर्क जमतो. मुंबईत माटुंग्याला दाक्षिणात्य वस्तीमुळे फिल्टर आणि ताजी दळलेली पावडर कित्येक दशकं मिळते आहे. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात नसला तर परळीच्या किंवा माजलगावच्या दुकानदाराला मागवून द्यायला सांगावं.

वरच्या भांड्यात वीस ग्रॅम पावडर, बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक. हलकेच थोपटून सारखी करावी, वर चकती ठेवावी, दाबू नये. आधी दोन-तीन चमचे गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबावं. ताजी पावडर असेल तर फुगते, आतला वायू निघतो. मग उरलेलं पाणी, सगळं मिळून १२० मिलिलिटर, गोल फिरवत ओतावं आणि झाकण लावावं. पावडर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ऐंशीच्या आसपास मिलिलिटर डिकॉक्शन, म्हणजे दाट अर्क, जमेल. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागावीत. पाच मिनिटांत उतरलं तर पावडर जाड आहे, कॉफी पातळ लागेल. तासभर उतरतच नसेल तर पावडर फार बारीक आहे, चकती दाबली गेली आहे किंवा चिकोरी जास्त आहे; चिकोरी पाणी पिऊन फुगते आणि वाट अडवते. कधी कधी दोन भांडी इतकी घट्ट बसतात की आतली हवा निघायला जागा नसते. वरचं भांडं जरासं उचलून ठेवलं की धार सुरू होते. महिन्यातून एकदा भोकं उजेडाकडे धरून पाहावीत. बंद दिसली तर फिल्टर लिंबाच्या पाण्यात उकळावा, क्षार निघून जातात.

डिकॉक्शन पुन्हा उकळायचं नाही. कपात दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर, आणि वर त्याच्या तिप्पट गरम दूध. ज्या घरात सकाळी सहाला कुणी शेतावर निघतं आणि आठला कुणी शाळेत, तिथे एकदा उतरवलेलं डिकॉक्शन दोन-तीन तास सहज चालतं आणि ज्याची त्याची कॉफी दोन मिनिटांत होते. रात्री उतरवून सकाळी वापरणारीही घरं आहेत, पण सुवास तेवढा राहत नाही.

बाकीची उपकरणं थोडक्यात. फ्रेंच प्रेस म्हणजे झाकलेल्या पातेल्याचीच सुधारलेली आवृत्ती: भरड पावडर, चार मिनिटं, वरून जाळी दाबायची. कॉफी चांगली होते, पण जाळी-भांडं धुवायला पाणी बरंच लागतं, काच फुटते आणि वर सांगितलेली फडक्याची कृती नव्वद टक्के तेच देते. १९३३ मध्ये इटलीत आलेला अल्फोन्सो बियालेत्तींचा मोका पॉट गॅसवर चालतो आणि दुधाला पेलेल अशी दाट कॉफी देतो. फिल्टरची पंधरा-वीस मिनिटं ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी तो खरोखर चांगला. खालच्या भांड्यात आधीच गरम पाणी घालावं आणि गुरगुर सुरू होताच उतरवावा. कागदाच्या गाळणीची पद्धत जर्मनीत मेलिटा बेन्ट्झ यांनी १९०८ मध्ये आणली. बिनदुधाची, स्वच्छ चवीची कॉफी प्यायची तर तिला तोड नाही, पण कागद संपला की मागवत बसावं लागतं आणि तिच्यात पाण्याचा दोष लगेच उघडा पडतो. एस्प्रेसोचं यंत्र इथल्या घरात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ बार दाब, हजार-पंधराशे वॉट, जाणारी-येणारी वीज, आणि जड पाण्याने आतल्या नळ्यांत धरणारा थर. दुरुस्तीला जवळपास कुणी मिळत नाही. त्या पैशात घरातल्या सगळ्यांना वर्षभर उत्तम पावडर मिळते.

आणि इन्स्टंट. गावात ती सगळ्यांत जास्त प्यायली जाते, म्हणून तिला दोन ओळींत हातावेगळं करणं योग्य नाही. ब्राझीलच्या जादा कॉफीचं काय करायचं या प्रश्नातून नेस्ले कंपनीने मॅक्स मॉर्गेन्थालर यांच्याकरवी तिचं सुधारलेलं रूप तयार केलं आणि १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आणलं. ती आधीच गाळून वाळवलेली कॉफी आहे. तिच्यातून काही उतरवायचं राहिलेलं नसतं, त्यामुळे तिला उकळण्यात काहीच लाभ नाही, तोटा मात्र आहे. पावडर कपात, त्यावर चमचाभर कोमट पाणी, नीट कालवून मगच गरम दूध. साखरेबरोबर थेंब-थेंब पाणी घालून फेटली की रंग उजळतो आणि फेस धरतो. कॉलेजच्या वसतिगृहांत ही कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुड्यांतही फरक असतो. काहींत शंभर टक्के कॉफी असते, काहींत तीस टक्के चिकोरी, काहींत त्याहून जास्त. मोठ्या बरणीपेक्षा छोट्या पुड्या आपल्या हवेत शहाणपणाच्या, कारण बरणी एकदा उघडली की पावसाळ्यात पावडरीचा गोळा होतो.

गोडाबद्दल एक गोष्ट उसाच्या प्रदेशात सांगायलाच हवी. जवळच तेलगावला साखर कारखाना आहे, आसपास गूळही मिळतो, आणि गुळाची कॉफी खरोखर छान लागते. तमिळ भागात ताडगूळ घालून काळी कॉफी करतात. दुधाची करायची तर गूळ दुधाबरोबर उकळू नये, दूध फाटतं. गूळ डिकॉक्शनमध्ये विरघळवून घ्यावा आणि गॅसवरून उतरवलेलं दूध शेवटी ओतावं.

किती प्यावी, हा प्रश्न आपल्या भागात चवीइतकाच महत्त्वाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांनुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये. दीडशे मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. चहाचे तीन-चार कप होतातच, त्यात कॉफीची भर घालताना हिशेब दोन्हींचा करावा. त्याच सूचनांत असंही आहे की जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ऊसतोडीच्या फडावर जाणाऱ्या, भाकरीबरोबरच चहा घेऊन कामाला लागणाऱ्या बाईच्या बाबतीत ही सूचना कुठल्याही चवीपेक्षा मोठी आहे. गरोदरपणात कॅफिन आणखी कमी, २०० मिलिग्रॅमच्या आत. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी हेही जाणून घ्यावं की उकळलेल्या आणि धातूच्या जाळीतून गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक राहतो आणि तो कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदात तो अडकतो. अशा माणसासाठी कागदाची गाळणी मागवण्याचा त्रास घ्यावा.

सुरुवात करायची तर एका घराने एकट्याने करू नये, असं मी सुचवेन. चिकमगळूर किंवा कोडगूच्या भाजणाऱ्यांकडून माल मागवताना पावडरीच्या किमतीपेक्षा पोचवायचा खर्च जड होतो. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून अर्धा किलो मागवला, आल्या दिवशी शंभर-शंभर ग्रॅम वाटून घेतला, तर खर्च विभागतो आणि कुणाच्याही डब्यात पावडर महिनाभर पडून राहत नाही. मागवताना तीन गोष्टी लिहून कळवाव्यात: स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली हवी, चिकोरी १५ किंवा २० टक्के, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख हवी.